चार बोटं चमक

मोटरसायकल दूरगावी पाठवायची असली तर ती पिकअपमध्ये कशी बांधतात, हे मला माहीत होतं. भैय्याजींनी मला ते नीट समजावून सांगितलं होतं, एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही वेळा मी मान हलवली होती. म्हणून पुढे जे झालं ते माझ्या अडाणीपणामुळे झालं, असं मला म्हणता येत नाही. तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

माझा मुलगा अमरदीप भिलाईत कोहक्याला आमच्या घरामागच्या शेडमधून हा धंदा करतो. भिलाईची मुलं शिकतात आणि नोकरीसाठी नागपूर, पुणे, हैदराबादला जातात. आधी मुलं जातात, मग त्यांच्या गाड्या जातात. त्या पोचवायच्या. पिकअप अमरदीप चालवायचा आणि गाड्या बांधायचं काम भैय्याजींचं. छप्पन वर्षांचा माणूस, मूळ गोंदियाकडचा, राहायला जामुलला. आमच्याकडे येण्याआधी वीस-बावीस वर्षं त्यांनी दुर्ग स्टेशनच्या पार्सल ऑफिसबाहेर स्कूटरी आणि मोटरसायकली गोणपाटात गुंडाळून रेल्वेत चढवायला तयार केल्या होत्या. सुतळी ओढून ओढून त्यांच्या दोन्ही तळव्यांना आडव्या रेघा पडलेल्या होत्या.

दुपारी मी शेडमध्ये खुर्ची टाकून बसायची. रिकामे पट्टे गुंडाळून ठेवायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं. हे नायलॉनचे रुंद पट्टे असतात. मध्ये लोखंडी खटका असतो, त्याची दांडी वरखाली केली की कट कट आवाज करत पट्टा घट्ट होत जातो. भैय्याजी गाडी फळीवरून वर चढवायचे, पुढचं चाक केबिनच्या बाजूच्या पत्र्याला टेकवायचे आणि स्टँड वर करून टाकायचे. स्टँडवर उभी ठेवून बांधली तर रस्त्याचे सगळे धक्के त्या एका स्टँडवर येतात. मग हँडलच्या खाली, जिथं दोन्ही दांड्या एका जाड लोखंडात धरलेल्या असतात, तिथं कापडाचा फास घालून दोन बाजूंना दोन पट्टे. हँडलला कधीच नाही, हँडल वाकतं. आणि मग खटका थोडा थोडा ओढत ते पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसायचे.

पुढच्या चाकाच्या त्या दोन दांड्यांना आमच्याकडे सगळेच शॉकअप म्हणतात. वरची चकचकीत नळी खालच्या जाड नळीत शिरते, आत स्प्रिंग आणि तेल. पट्टा ओढला की गाडीचं तोंड खाली दबतं आणि चकचकीत नळी आत जायला लागते. भैय्याजी तिला आडवी बोटं लावून पाहायचे. चार बोटं चमक बाहेर उरली की खटका बंद.

“चारच कावून?” मी एकदा विचारलं.

“मावशी, हे लोखंड नोहे. हे गाडीचे गुडघे होत. एखाद्या माणसाले पुरा उकिडवा बसवा, वरून करकचून बांधा, अन् न्या नागपूरले. तिथं सोडा अन् म्हणा, चाल बाप्पा. चालन का तो?”

“तुमच्यासारखा असंन तर तिथंच झोपन.”

“झोपनच ना! म्हणून अर्ध्यावर बसवायचा. जरा हलू द्यायचा. हलते म्हणून तर टिकते. पुरी दाबली का आतलं तेल सील फोडून बाहेर येते, मंग ब्रेक पण कामाचा नाही राहत.”

मी हसले आणि मान हलवली. मनात मात्र म्हटलं, शेवटी पार्सलवाला माणूस.

भिलाईत पूर्वीपासून राहिलेल्या कुणालाही हे कळेल. इथं माणसं दोन प्रकारची असायची, पोलादाच्या प्लांटमधली आणि बाकीची. अमरदीपचे बाबा प्लांटमध्ये रिगर होते. जड माल उचलायचा, दोरखंडानं नाहीतर साखळीनं आवळायचा आणि एकीकडून दुसरीकडे न्यायचा, हे रिगरचं काम. चौऱ्याहत्तर साली लग्न होऊन मी पवनीहून आले तेव्हा आम्ही कॅम्प दोनमध्ये एका खोलीत राहायचो. संध्याकाळी प्लांटकडे तापलेला स्लॅग, लोखंडाचा मळ, ओतला की सगळं आभाळ तांबडं व्हायचं आणि मी नवीन म्हणून घाबरायची. शेजारच्या बायका हसायच्या. पुढे सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, दारात कडुनिंब लावला, आणि हळूहळू माझीही मान प्लांटवाल्यांसारखी ताठ झाली.

अमरदीपच्या बाबांचा बांधण्याचा नियम एकच होता. हललं म्हणजे गेलं. प्लांटमध्ये लागण्याआधी ते भंडाऱ्याकडे लाकडाच्या अड्ड्यावर कामाला होते. तिथं ओंडके भरलेल्या बैलगाडीवरून एक ओंडका सुटला आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या पायावर आला. पाय कापावा लागला. ती गाडी यांनी बांधली होती. त्यानंतर घरातलं काहीही बांधलं की ते त्याला एक लाथ मारून पाहायचे. दसऱ्याला दीक्षाभूमीला निघायचो तेव्हा आमची ट्रंक आणि वळकटी अशी आवळायचे की नागपुरात उतरल्यावर जाऊबाई विळा घेऊनच पुढे यायच्या. गाठी मला त्यांनीच शिकवल्या. “रुक्मा, ढिलं वाटलं तर ओढ,” ते म्हणायचे, “अन् शंका आली तर अजून ओढ.”

लोखंडाच्या प्लेटा बांधणाऱ्या माणसाचं ते शहाणपण होतं. प्लेटेच्या पोटात स्प्रिंग नसते. पण ते गेले त्याला आता अकरा वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाचं बोलणं आपण तपासून पाहत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला पिकअप नागपूरला निघाली तेव्हा तिच्यात तीन मोटरसायकली होत्या. मला दीक्षाभूमीला जायचंच होतं, मी पुढे अमरदीपशेजारी बसले. तीनपैकी एक गाडी अनुजाची. अनुजा म्हणजे बेबीताईची मुलगी. बेबीताई आमच्या मागच्या गल्लीत राहते, रोज संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या ओसरीवर बसतो. अनुजाला नागपुरात एका खाजगी दवाखान्यात नर्सची पहिली नोकरी लागली होती. वडील वारलेले, त्यांनी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली ती मोटरसायकल पोरगीच चालवायची. स्कूटी घे म्हटलं तर म्हणायची, “आजी, पापा की गाड़ी है, ती कुठं ठेवू?”

सकाळी भैय्याजींनी गाड्या बांधल्या तेव्हा मी समोरच उभी होते. अनुजाच्या गाडीला त्यांनी बोटं लावली ती मी पाहिली. चार.

राजनांदगावच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. केबिनच्या मागच्या काचेतून मला अनुजाच्या गाडीचं हँडल दिसत होतं. प्रत्येक खड्ड्याला ते खाली जायचं आणि वर यायचं. तासभर मी ते पाहत बसले. अमरदीपला एकदा म्हटलं, “ते हलून राहिलं रे.” तो म्हणाला, “हलू दे माय, तसंच असते.” पण माझ्या डोळ्यांसमोर ओंडक्यांची गाडी आली होती.

देवरीला चहासाठी थांबलो. ढाब्याचा ओटा उंच होता आणि पिकअप त्याला लागून उभी होती. अमरदीप चहा सांगायला आत गेला, कुणी ओळखीचं भेटलं म्हणून बोलत राहिला. मी ओट्यावरून गाडीत पाय टाकला. एकाहत्तराव्या वर्षी मला ते जमतं याचाही मला अभिमान होता. अनुजाच्या गाडीचं हँडल मी तळव्यानं दाबलं. ती खाली गेली आणि वर आली. मी खटक्याला हात घातला. डावा पट्टा ओढला, मग उजवा, पुन्हा डावा. शेवटी दांडीवर सगळं अंग टाकावं लागलं. चमक उरली की नाही हे मी पाहिलंच नाही. हलणं बंद झालं का, तेवढं पाहिलं. मग चाकाला पायानं एक धक्का दिला. गाडी दगडासारखी उभी होती. दुसऱ्या गाडीकडे वळणार तेवढ्यात अमरदीपची हाक आली, “माय, चहा!” मी पटकन ओट्यावर आले. त्याला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

पुढचे चार तास काचेतून काहीच हललं नाही आणि मी निवांत झोपले. नागपुरात गर्दीमुळे गाड्या घाईघाईनं उतरवल्या. दीक्षाभूमीवर मी रांगेत उभी राहिले, पुस्तकं विकत घेतली, स्तूपासमोर हात जोडले. मला फार समाधान वाटलं. ते समाधान आता आठवलं की मी उठून उगीच काहीतरी काम करायला लागते.

चौथ्या दिवशी बेबीताईच्या घरून रडण्याचा आवाज आला. अनुजा पहिल्याच ड्यूटीला निघाली होती. सिग्नलला तिनं पुढचा ब्रेक दाबला, तो लागलाच नाही, आणि ती समोरच्या ऑटोवर जाऊन पडली. उजवं मनगट मोडलं. नागपूरच्या मेकॅनिकनं फोनवर अमरदीपला सांगितलं की पुढच्या शॉकअपच्या दोन्ही सील फुटल्यात, तेल गळून ब्रेकच्या चकतीवर आलंय. पुरी दाबून बांधली होती, तो म्हणाला, अशीच फुटते.

अमरदीप शेडमध्ये आला तेव्हा तिथं दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि मी पट्टे गुंडाळत होते. भैय्याजी नव्या गाडीला गोणपाट लावत होते.

“भैय्याजी, तुमचे डोळे फुटले होते का?” तो सगळ्यांसमोर ओरडला. “अनुजाची गाडी पुरी दाबली तुमी! पोरीचा हात मोडला!”

भैय्याजी उभे राहिले. “पुरी? नाही गा. मी चार बोटं सोडली होती.”

“मंग सील काय हवेनं फुटली? मेकॅनिक खोटा बोलून राहिला का?”

“सोडली होती,” भैय्याजी म्हणाले. मग आपल्या हाताकडे पाहून जरा हळू, “सोडली असंन. तीन गाड्या होत्या, घाई होती...” आणि ते एकदम माझ्याकडे वळले. “मावशी, तुमी होते ना तिथं बांधताना? तुमी पाह्यलं ना?”

माझ्या हातात पट्टा होता. तो गुंडाळता गुंडाळता मी म्हणाले, “मले काय समजते त्यातलं.”

बस, एवढंच. एक वाक्य. मेकॅनिकचा निरोप ऐकल्याक्षणी मला सगळं कळलं होतं. देवरीचा ओटा, खटक्याची दांडी, सगळं. पण बेबीताईची पोरगी, तिचं मनगट, आणि समोर बसलेली ती दोन माणसं. माझ्या तोंडातून ते वाक्य मी न बोलावताच बाहेर आलं. पुढे कितीतरी वेळ ते परत घेता आलं असतं. भैय्याजी खांद्यावरचा पंचा झटकत होते तेव्हा, चपला शोधत होते तेव्हा, फाटकाशी थांबून “येतो मावशी” म्हणाले तेव्हा. मी “हाव” म्हणाले.

त्यानंतर पाच महिने मी गप्प राहिले. दर रविवारी विहारात वंदनेला जायची. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, मुसावादा वेरमणीशी, माझा आवाज बसायचा. खोटं बोलण्यापासून मी अलिप्त राहीन, हेच तर त्यात म्हणायचं असतं. शेजारच्या ठकूबाईला वाटायचं मला खोकला आहे. तिनं मला ज्येष्ठमधाची काडी आणून दिली. मी ती चघळली. संध्याकाळी बेबीताईच्या ओसरीवर बसायची. अनुजाची ती नोकरी गेली होती, दवाखान्यानं दुसरी मुलगी घेतली. मनगट जुळलं, पण पूर्वीसारखं वळत नव्हतं. बेबीताई भैय्याजींच्या नावानं बोटं मोडायची. “त्याचे हात झडले पाहिजेत,” म्हणायची. मी माझ्या हातांकडे न पाहता शेंगा सोलत राहायची.

मार्चमध्ये सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात मला साधनाबाई भेटल्या, भैय्याजींच्या घरच्या. त्यांना टाळून पलीकडच्या ओळीत जावं असं मनात आलं, पण त्यांनीच हाक मारली.

“मावशी, तुमी प्लांटच्या दवाखान्यात जाता ना? तिथं डोक्याचा डॉक्टर बसते का?”

“कोणासाठी?”

“आमच्या यायच्यासाठी.” त्यांनी पिशवी खाली ठेवली. “रसमड्याले एका कारखान्यात लागले. तिथं ट्रकवर माल बांधायचं काम देऊन राहिले होते. नाही म्हणले. झाडू मागतला हातात. घरी गॅस बंद केला का नाही, तीन-तीनदा उठून पाहतात. परवा नातवाच्या बुटाची नाडी बांधून देत होते, तं बांधते, सोडते, परत बांधते. मले म्हणते, साधना, मले आठवतच नाही मी त्या पोरीची गाडी कशी बांधली. आठवते ते खरं का खोटं, समजत नाही.”

“असं म्हणतात?”

“हाव ना. मी म्हणलं, अहो, चुकते एखाद्या वेळी. तं म्हणते, चूक झाली याचं नाही वाईट वाटत. मले ती होताना दिसली नाही, मंग आता कोणती होऊन राहिली ते कसं समजन?”

मी त्यांना डॉक्टरचा वार सांगितला. बुधवार. भाजी न घेताच घरी आले.

तोवर मी स्वतःला समजावत होते की भैय्याजींची नोकरी गेली, दुसरी लागली, माणूस आहे तसाच आहे. त्यांनी मनातल्या मनात अमरदीपला शिव्या दिल्या असतील, स्वतःला निर्दोष मानून चालले असतील, असंच मी धरलं होतं. तसं नव्हतं. त्यांनी माझी चूक आपली म्हणून घरी नेली होती आणि पाच महिने तिच्याशी झगडत होते.

त्याच दुपारी अमरदीप जेवायला बसला तेव्हा मी त्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

“माय, आता कावून सांगून राहिली तू?”

“मंग कधी सांगू?”

“तेव्हा सांगायचं होतं! मी त्याले चार लोकासमोर आंधळा म्हटलं. आता काय तोंड दाखवू? अन् बेबीकाकू? ती तं आपल्या दारात येऊन बसन.”

“बसू दे.”

त्यानं हात धुतला. दोनदा आत-बाहेर केलं. मग म्हणाला, “ऐक. मी भैय्याजीले परत बोलावतो. झालं गेलं विसरा म्हणतो, पगार वाढवतो. त्याले काम भेटते, आपलं नाव राहते. हे देवरीचं तू कोणाले बोलू नको.”

खरं सांगते, मला बरं वाटलं. असं निभावलं तर काय वाईट, असं मला वाटलं. म्हणजे ज्यानं काही केलं नाही त्याला आम्ही मोठ्या मनानं माफ करणार होतो, आणि मी त्यालाही तयार झाले होते. अमरदीपनं माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर.

पलीकडून भैय्याजींचा आवाज आला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “नको अमरदीप. तू चांगला माणूस होस, म्हणून बोलावून राहिला. पण माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला. अजून एखाद्या पोरीचं हातपाय मोडन. नको.” मग विचारलं, “मावशीची तब्येत कशी हाय?”

अमरदीपनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी मी एकटीच बसनं जामुलला गेले. सिमेंटच्या धुळीनं तिथली झाडं करडी दिसतात. भैय्याजींची गल्ली विचारत विचारत पोचले. ते अंगणात लिंबाच्या सावलीत पाटावर बसून दाढी करत होते. मला पाहून तसेच अर्ध्या फेसानं उठले.

“अवं साधना, मावशी आल्या! पाणी आण. एवढ्या उन्हात कावून आल्या, मले बोलावलं असतं.”

“बसा भैय्याजी. मले एक सांगायचं हाय. मधात बोलू नका, नाहीतर माझ्यानं होणार नाही.”

मी सांगितलं. काच, हँडल, देवरीचा ओटा. साधनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या त्या तशाच. भैय्याजींच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला.

मग म्हणाले, “किती कट ओढले?”

“मोजले नाही. हलणं बंद होईस्तोवर.”

ते उठले. अंगणात शेजाऱ्याची मोटरसायकल उभी होती. दोन्ही हातांनी हँडल धरून त्यांनी छातीच्या भारानं तिचं तोंड खाली दाबलं. “एवढं?”

“अजून.”

“एवढं?”

“अजून खाली.”

त्यांनी दात आवळून जोर लावला, मग एकदम सोडून दिलं. गाडी उसळून वर आली. “याच्या खाली हातानं दबत नाही मावशी,” ते धापा टाकत म्हणाले. “याच्या खाली फक्त पट्ट्यानं जाते.” आणि ते आपल्या उजव्या हाताकडे पाहू लागले, उलटा केला, सुलटा केला. “म्हणजे मी सोडली होती चार बोटं.”

“सोडली होती. मी पाह्यलं होतं.”

“मी तुमाले विचारलं होतं शेडमध्ये.”

“हाव.”

“तुमी म्हणले, मले काय समजते त्यातलं.”

“हाव.”

“समजत होतं तुमाले. मीच शिकवलं होतं.”

साधनाबाई तांब्या घेऊन परत आत गेल्या. पाणी मला मिळालं नाही आणि मी मागितलं नाही.

“अनुजाले माहीत हाय?” भैय्याजींनी विचारलं.

“नाही.”

“लावा तिले फोन. माझ्यासमोर.”

अनुजा आता नागपुरातच दुसऱ्या एका दवाखान्यात होती. तिनं लगेच उचलला. “जय भीम आजी! जल्दी बोलो, ड्यूटी पे हूँ. आई ठीक आहे ना?”

दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. मी संपवलं तेव्हा पलीकडे कुणीतरी ट्रे आपटल्याचा आवाज आला.

“आजी,” ती म्हणाली, “तुम्ही रोज संध्याकाळी माझ्या आईसोबत बसता ना?”

“हाव बेटा.”

“आणि आई काकांना शिव्या देते तेव्हा?”

“ऐकते.”

मी काहीतरी बोलायला लागले, तिनं ते ऐकलं नाही. “काका तिथं आहेत? उनको दो फोन.”

मी फोन दिला. भैय्याजींनी तो फेसाच्या गालाला न लावता दुसऱ्या कानाशी धरला. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. “हाव बेटा... नाही नाही, तू कावून माफी मागतं?... आता वळते का मनगट?... सुई भरताना दुखते? मंग डाव्या हातानं शिक ना थोडं... हाव... गाडी विकली नाही ना? बापाची गाडी हाय ते... मी येतो एक दिवस, पाहतो तिचे शॉकअप... मी सोता पाहतो.” आणि ते हसले. पाच-सहा महिन्यांनी त्यांचं हसणं ऐकलं मी.

त्यांनी फोन परत दिला तेव्हा तो बंद झालेला होता. माझ्याशी बोलायचं तिला काही राहिलं नव्हतं.

“बेबीताईले मी आज जाऊन सांगते,” मी म्हणाले.

“सांगा. अन् अमरदीपले म्हणा, मी तिकडं येणार नाही. त्यानं इकडं यावं. तिथं चार लोक होते, इथं पण चार लोक हायेत.”

“येईन तो. मी आणते त्याले.” मी उठले. “भैय्याजी, मले माफ...”

“ते आज नका मागू मावशी.” त्यांनी पाटावर बसून आरसा पुन्हा उचलला. “आज मले बरं वाटून राहिलं. राग अजून यायचा हाय. तो येऊन जाऊ द्या, मंग पाहू.”

ते दाढी करू लागले. वस्तरा धरलेला हात मी पाहिला. वस्तरा न थांबता गालावरून खाली आला. मी चपला घातल्या आणि निघाले. गल्ली अर्धी चालून झाली असेल तेव्हा मागून साधनाबाईंचा आवाज आला. त्या शेजारणीच्या दारात उभ्या राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगत होत्या, “ऐकलं का वो? यायच्या हातानं नव्हतं झालं ते! नव्हतं झालं!”

शेजारीण विचारत होती, “मंग कोणाच्या?”

मी मागे वळले नाही, पण चालणं हळू केलं. कुणी बोट दाखवलं तर त्यांना मी नीट दिसावी.